फार्गोचे इंजिन आणि न बसवलेला पंप

आमच्या घरी कापडी पाठीची एक लांबट वही आहे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही ट्रिपवही. १९५८ ते १९६२ या काळात त्यांच्या फार्गो ट्रकने केलेली प्रत्येक खेप तीत आहे. माल काय, भाडे किती, तेल किती, जकात किती आणि रस्त्यात कोणाला काय द्यावे लागले, सगळे लिहिलेले. अक्षर वेडेवाकडे, पण हिशेब चोख. १९६२ च्या मार्च महिन्यात एक नोंद आहे : ‘इंजिन बदलले. डिझेल घातले. ब्रेक जड. मिस्त्री म्हणाला, डिझेलला असाच.’ त्यानंतर अकरा खेपा आहेत. बारावीची तारीख टाकली आहे आणि पुढची पाने कोरी आहेत.

ती बारावी खेप कोल्हापूरहून पुण्याच्या भवानी पेठेत गूळ नेण्याची होती. खंबाटकीचा घाट साताऱ्याच्या बाजूने चढून शिरवळच्या अंगाला उतरताना गाडी आवरेना. आबांनी ती डोंगराच्या कडेला घासत नेली. क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन चाकाखाली टाकायला उतरला आणि त्याचा डावा पाय मागच्या चाकाखाली गेला. हा क्लीनर म्हणजे आबांच्या मावसबहिणीचा मुलगा, तेव्हा सतरा वर्षांचा. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. आबांनी नंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. गावात एकच गोष्ट कायम झाली : ‘डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली आणि पोराचा पाय घालवला.’ माझा जन्म या अपघातानंतर सात वर्षांनी झाला, पण हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो.

मी इंजिनिअर नाही. दहावीनंतर आयटीआय केले आणि बावीस वर्षे मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो. गिऱ्हाईक सुटा भाग हातात घेऊन येतो आणि ‘याच्यासारखा द्या’ म्हणतो, तेव्हा तो भाग कुठून निघाला हे ओळखावे लागते. माझे शिक्षण तेवढेच. बाकी जे आहे ते भंगारात मिळालेल्या जुन्या वर्कशॉप मॅन्युअलांवरून आणि म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या तोंडून गोळा केले. त्या आधारावर एका इंजिन-बदलाची ही उकल वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम, चालती गाडी असताना इंजिन का बदलायचे? आज हा प्रश्न विचित्र वाटेल. तेव्हा तो रोजचा होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले फोर्ड आणि शेवरलेट ट्रक लिलावात निघाले आणि खाजगी मालवाहतूक मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर उभी राहिली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जुळवू लागली. डॉज, डीसोटो आणि फार्गो ही जवळपास एकाच ट्रकची तीन नावे. अमेरिकी घराण्यातले हे बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालणारे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, इथे टप्प्याटप्प्याने उत्पादन करणार नाही त्याने नुसती जुळणीही करू नये, असे धोरण ठरले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. फोर्डही गेली. त्याच वर्षी जमशेदपुरात टाटा-मर्सिडीजचा डिझेल ट्रक आला. तो दणकट होता, पण नवा घ्यायचा तर पैसा हवा आणि नंबर लावून थांबायची तयारी हवी.

म्हणजे एका ट्रकच्या मालकापुढे असे चित्र होते : चॅसी चांगली, गिअरबॉक्स चांगला, हौदा नुकताच बांधलेला. इंजिन मात्र तेल पिणारे आणि त्याचे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ. आबांच्या वहीप्रमाणे भरलेली फार्गो एका गॅलनला जेमतेम नऊ मैल जाई. डिझेल घातल्यानंतरच्या खेपांची सरासरी मी काढली, ती पंधराच्या आसपास येते. शिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त. या हिशेबापुढे कोण थांबेल?

आबांच्या गाडीत आले ते पर्किन्सचे पी-६. या इंजिनाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ते मुळातच दुसऱ्याच्या घरात राहायला जन्मलेले होते. फ्रँक पर्किन्स आणि त्यांचे आरेखक चार्ल्स चॅपमन यांनी १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरो येथे कंपनी काढली. तोवर डिझेल म्हणजे जड, संथ, जहाजात किंवा गिरणीत शोभणारे यंत्र. या दोघांना हवे होते हलके, वेगाने फिरणारे डिझेल, जे पेट्रोल इंजिन काढलेल्या जागेत बसेल. १९३७ मध्ये आलेले पी-६ हे त्यांचे सर्वांत यशस्वी अपत्य. सहा सिलिंडर, साडेतीन इंचांचा बोअर, पाच इंचांचा स्ट्रोक, म्हणजे ४.७३ लिटर. मिनिटाला २४०० फेऱ्यांवर ८३ अश्वशक्ती. पुढे मद्रासची सिम्पसन कंपनी परवान्यावर हे इंजिन भारतातच बनवू लागली आणि मग बेडफर्ड, फार्गो, शेवरलेट, जे सापडेल त्यात ते बसू लागले.

बसू लागले म्हणजे कसे, तर मिस्त्रीच्या हाताने. इंजिनाचा मागचा तोंडवळा आणि गिअरबॉक्सचे बेल हाऊसिंग यांची भोके जुळत नाहीत, म्हणून मधे जाड पोलादी प्लेट लेथवर तयार करायची. ती केसभर तिरकी झाली तर गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग महिनाभरात आवाज देतो. डिझेल जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकदोन पाने वाढवायची. ते थरथरते जास्त, म्हणून माउंटिंगचे रबर बदलायचे. विजेची भानगड तर वेगळीच. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्या सहा व्होल्टच्या. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबून तापवायची आणि तिच्यात तेल फवारायचे, त्यामुळे स्टार्टरला फार जोर लागतो आणि तो बारा व्होल्टचा असतो. म्हणजे बॅटरी, डायनॅमो, हेडलाइटच्या बल्बपर्यंत सगळे नवे.

आणि वेग. जुने साइड-व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन ३६०० फेऱ्यांपर्यंत जाई, पी-६ ला २४०० वर गव्हर्नर अडवतो. मागच्या डिफरन्शियलचे दात तेच ठेवले, तर सपाटीवरचा कमाल वेग थेट एक-तृतीयांशाने उतरतो. समजा प्रमाण ६.६ आहे आणि चाक एका फेरीत तीन मीटर जाते. मग टॉप गिअरमध्ये पेट्रोल गाडी कागदावर तासाला ९८ किलोमीटर धावू शकते आणि डिझेल गाडी ६५. भरलेला ट्रक एरवीही चाळिशी ओलांडत नसे, म्हणून बहुतेक मालक क्राउन-पिनियन बदलण्याच्या खर्चात पडत नसत. पण उतारावर, जिथे पूर्वी गाडी मोकळी सुटायची, तिथे आता इंजिन किंचाळायला लागे. मग ड्रायव्हरचा हात आपोआप न्यूट्रलकडे जाई. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आबांच्या वहीत शेवटच्या पानाला गॅरेजचे बिल चिकटवलेले आहे. ते मी वर्षानुवर्षे पाहिले होते, पण वाचले नव्हते. अडॅप्टर प्लेट, स्टार्टर, डायनॅमो, बॅटरी, बल्ब चार, पुढचे पाटे, रबर, डिझेल फिल्टर, सायलेन्सरचा पाइप. काम नीट केलेले दिसते, मिस्त्री कच्चा नव्हता. शेवटून दुसरी ओळ अशी आहे : ‘वॅकम नळी, टोपी १.’

दुकानात गिऱ्हाइकी नसलेल्या एका दुपारी ही ओळ माझ्या डोक्यात शिरली आणि मी खुर्चीत बसलो.

ही नळी काय करते ते सांगतो. पेट्रोल इंजिनाचा ॲक्सिलरेटर खरे तर तेल कमी-जास्त करत नाही. तो हवेच्या वाटेवरची एक चकती, बटरफ्लाय, उघडतो किंवा मिटतो. पाय काढला की चकती मिटते. आत दट्ट्ये मात्र हवा ओढतच राहतात. येणाऱ्या हवेची वाट बंद आणि ओढ चालू, म्हणून मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, मिस्त्रींच्या भाषेत वॅकम. हा फुकटचा वॅकम अमेरिकी ट्रकवाल्यांनी ब्रेकसाठी वापरला. एक मोठा डबा, त्यात पडदा. पडद्याच्या एका बाजूला वॅकम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ब्रेक दाबला की बाहेरची हवा पडदा ढकलते आणि पायाच्या जोरात आपला जोर मिळवते. हा जोर किती? पडदा २४ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.६५ किलोचा फरक धरला, तर २९० किलोच्या आसपास. माणसाचा पाय याच्या जवळपासही जात नाही.

आता डिझेल. डिझेलमध्ये ती चकतीच नसते. हवा पूर्ण आत येते आणि पंप किती तेल फवारतो त्यावर वेग ठरतो. चकती नाही म्हणजे वॅकम नाही. (काही डिझेल इंजिनांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो, त्यांच्या तोंडाशी छोटी झडप असते. पी-६ चे काही नमुने तसे आहेत. पण आमच्या बिलातली टोपी सांगते की इथे नळी कशालाच जोडली नव्हती.) म्हणून वॅकमचा ब्रेक असलेल्या गाडीत डिझेल बसवायचे, तर एक वेगळा पंप लावावा लागतो. इंग्रज त्याला एक्झॉस्टर म्हणत, आपण वॅकम पंप. इंजिनाने किंवा पट्ट्याने फिरणारा, तांब्याएवढा. बिलात तो नाही.

पंप नसला म्हणून ब्रेक नाहीसा होत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. नळ्यांतले ऑइल पायाच्या जोराने अजूनही चाकापर्यंत पोचते. मोकळी गाडी सपाटीवर थांबते. पॅडल जड लागतो, एवढेच. ड्रायव्हर तक्रार करतो, मिस्त्री म्हणतो, ‘डिझेलला असाच.’ आठवड्यात पायाला सवय होते. पाच टन गूळ आणि लांब उतार एकत्र येईपर्यंत कोणालाच काही कळत नाही. तिथे सारखा ब्रेक धरावा लागतो, ड्रम तापतात, लायनरची पकड उतरते आणि नेमका तेव्हा पायाच्या तिप्पट-चौपट जोर हवा असतो. तो देणारा डबा मेलेला असतो.

‘डिझेल इंजिन घट्ट असते, उतारावर ते गाडी धरते’ असा समज मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकला आहे. दाब जास्त हे खरे. पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, ती दट्ट्याला परतही ढकलते. तिने खाल्लेला जोर बराचसा परत दिला. म्हणून तर पुढे मोठ्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर झडप घालून एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागला.

आता न्यूट्रलचा आरोप. आबांनी गाडी न्यूट्रल केली होती का? मला माहीत नाही, आणि मुलगा म्हणून मी नाही म्हणणार नाही. त्या काळचे ड्रायव्हर करत. आबाही करत असावेत. १९६१ च्या काही खेपांत घाटाच्या दिवशी पेट्रोल संशयास्पद कमी लागलेले आहे. पण हीच नोंद मला दुसऱ्या टोकाला नेते. पेट्रोलची गाडी न्यूट्रलमध्ये उतरताना इंजिन मंद चालू असते, चकती जवळजवळ मिटलेली असते, म्हणजे वॅकम भरपूर. बूस्टर पूर्ण जोरात. एखाद्याने चावी बंद केली तरी टाकीतल्या शिल्लक वॅकमवर दोनतीन ब्रेक लागत. न्यूट्रल करणे चूकच, पण त्या चुकीला गाडी सांभाळून घेत होती. आबांनी खंबाटकीत तीच चूक केली असेल, तर ती चार वर्षे निभावलेली चूक होती. मधल्या काळात बदलले ते इंजिन, आणि ब्रेकचा आधार गेला हे त्यांना कोणी सांगितले नाही.

त्या गॅरेजचे नाव मी लिहीत नाही. मालक गेले, मुलांनी धंदा बदलला. पण तिथे पोरवयात काम केलेले एक मिस्त्री उद्यमनगरात भेटले. वय ऐंशीच्या पुढे. मी बिल दाखवले. त्यांनी चष्मा लावून टोपीच्या ओळीवर बोट ठेवले.

“तू त्यांचा पोरगा व्हय? ही टोपी मीच आणली आसंल बघ, सायकलीवर जाऊन.”

“पंप का नाही लावला, काका?”

“पंप मिळत न्हवता गा. मद्रासला लिहायचं, दोन म्हैने थांबायचं. गाडी दारात हुभी. मालकाचं हप्तं थांबत्यात व्हय? वस्ताद म्हनले, नळी उघडी ठिवली तर डब्यात धूळ जाईल, टोपी मारा. चाललं की.”

“अशा किती गाड्या गेल्या?”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मोजल्या न्हाईत.”

मला त्यांचा राग आला नाही. नळीत धूळ जाऊ नये याची काळजी घेणारा माणूस निष्काळजी नसतो. नवे इंजिन चाकांना काय देईल, हा हिशेब त्या गॅरेजात पक्का होता. जुन्या इंजिनाकडून गाडीतले बाकीचे भाग गुपचूप काय घेत होते, हा हिशेब कोणी मांडला नाही.

हा प्रकार १९६२ मध्ये संपला असे समजू नका. मी काउंटरवर होतो तेव्हा पेट्रोल जीप आणि अँबॅसॅडरमध्ये डिझेल इंजिन घालण्याची लाट होती. मॅटाडोरचे इंजिन तर सर्रास. अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला वॅकम पंप तेव्हा सहज मिळत असे, तरी ‘तो नको, नुसता अल्टरनेटर द्या, स्वस्तातला’ म्हणणारे गिऱ्हाईक महिन्यातून एखादे यायचेच. मी देत नसे. मालकाशी त्यावरून दोनदा वाजले.

कायद्याचे सांगायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. परवानगीशिवाय झालेला बदल चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. आरसी बुकात इंजिन नंबर, इंधन, सिलिंडर, क्षमता असे रकाने आहेत. ब्रेकला जोर कुठून मिळतो, असा रकाना नाही. पासिंगच्या वेळी ब्रेक पाहतात, पण मोकळ्या गाडीचा, सपाट आवारात.

आजच्या मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक आहेत. हवा इंजिनावरच्या कॉम्प्रेसरमधून येते, म्हणजे नाते तेच. फरक एवढा की मागच्या चाकांना स्प्रिंगचे ब्रेक असतात आणि हवा गेली तर ते चाक धरून ठेवतात. वॅकम गेला की मात्र काहीच घडत नाही, पॅडल फक्त जड होतो. आणि आता जुन्या गाड्यांत विजेची मोटर घालण्याचे किट येत आहेत. तिथे तर वॅकमला जागाच नाही, विजेवरचा पंप वेगळा द्यावा लागतो. अशी गाडी कोणी दाखवली की मी आधी तो पंप शोधतो.

तपासणी साधी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाचसहा वेळा दाबा, शिल्लक वॅकम संपेल आणि पॅडल घट्ट होईल. मग पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडा खाली गेला, तर बूस्टर जिवंत आहे. तसाच राहिला, तर गाडी घाटात नेऊ नका.

गेल्या वर्षी बिल घेऊन अण्णांकडे गेलो. ते आता ऐंशीला टेकले आहेत. पंक्चरचे दुकान मुलगा बघतो. आबा जाऊन एकोणीस वर्षे झाली. दोघे शेवटपर्यंत एकमेकांच्या घरी जात, पण तो विषय कधी निघाला नाही. मी सगळे समजावून सांगितले, पडदा, नळी, टोपी. त्यांनी मधेच थांबवले.

“मामा दोन्ही पायांनी उभा राहिला होता ब्रेकवर,” ते म्हणाले. “सीटवरून उठला होता. मी बघितलं म्हणून तर ठोकळा घेऊन उतरलो.”

“हे कधी कोणाला सांगितलं नाहीत?”

“कोणी विचारलं नाही.”

मग त्यांनी तो पंप केवढा असतो ते विचारले. माझ्याकडे दुकानातला एक जुना होता, तो दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि तेल लागले म्हणून हात लुंगीला पुसले.